ओळख हाय, पटली न्हाई

मी मीच आहे, हे मला एकदा सिद्ध करता आलं नाही आणि त्यापायी शेजाऱ्याचा गॅस सिलिंडर परत गेला.

झालं असं, की दुपारी गॅसची गाडी माझ्या दुकानापुढं येऊन थांबली. गाडीवाला घामाघूम. म्हणाला, "तुमच्या शेजारचे बाबा दार उघडेनात. खिडकीतून माझं ओळखपत्र मागत्यात. तुमी जरा सांगा त्यांना." माझा मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला होता. म्हणून मी गाडीवाल्याच्याच मोबाईलवरून रज्जाकचाचांना फोन लावला.

"चाचा, मी पाठक बोलतोय."

पलीकडं शांतता. चाचा अनोळखी नंबरचा फोन उचलतात, पण आपणहून बोलत नाहीत. आधी बोलतो तो सापडतो, असं त्यांचं शास्त्र आहे.

"चाचा, मी पाठक."

"कोन पाठक?"

"अहो, शेजारचा. झेरॉक्सवाला."

"झेरॉक्सवाला पाठक मला ठाव हाय. तुमी कोन?"

"मी तोच."

"तोच हाय तर सांगा, तुमच्या मिसेस चहात काय घालत्यात?"

"आलं," मी म्हणालो.

फोन बंद झाला. गाडीवाल्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की क्षणभर मलाही माझी शंका आली. सिलिंडर गेला.

संध्याकाळी चाचा स्वतः दुकानात आले. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "पाठक, सावध ऱ्हावा. तुमच्या नावानं एक जन फोन करतोय. आवाज हुबेहूब तुमचा. पन मानूस जरा ढिला वाटला. बायको चहात काय घालती, ते बी त्याला ठाव न्हाई."

ही गोष्ट मी घरी हसत हसत सांगितली. आमच्या सौभाग्यवती, म्हणजे सुनंदा, हसली नाही. म्हणाली, "आलं मी कधीच बंद केलं. गवती चहा घालते. चाचा सकाळी अर्धा कप घेतात, त्यांना कळलं. तुम्ही दोन वेळा कपभर पिता."

तेव्हापासून आमच्या घरात मी 'तो ढिला माणूस' आहे.

रज्जाकचाचांची आणि आमची भिंत एक. भिंगारच्या बाजारामागच्या आमच्या गल्लीत दोनच गोष्टी वेळेवर होतात: पहाटेची अजान, आणि चाचांचं दाराच्या कडीला कुलूप लावून ते तीनदा ओढून बघणं. मूळचे ते तिसगावचे. तरुणपणी इथल्या एका लष्करी भांडाराच्या गेटवर लागले ते तिथूनच निवृत्त झाले. सैन्यात नव्हे, सिव्हिलियन स्टाफमध्ये. काम एकच. येणाऱ्याचा पास बघायचा, चेहरा बघायचा, पुन्हा पास बघायचा आणि मग बाजूला व्हायचं. बहुतेक माणसं अशा कामाला कंटाळतात. चाचांना ते गाणाऱ्याला गळा सापडावा तसं सापडलं.

"ओळख हाय, पटली न्हाई," हे त्यांचं वाक्य. भिंगारमधल्या निम्म्या लोकांनी ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ओळख असणं ही चहाच्या टपरीवरची गोष्ट आणि ओळख पटणं ही गेटवरची, या दोहोंची गल्लत करणारा माणूस एक दिवस बुडतो, असं त्यांचं मत. सोबत नोकरीला लागलेल्या मित्राला त्यांनी पास घरी राहिला म्हणून सायकलवर परत पाठवलं होतं. एका साहेबांची जीपही परत पाठवली होती. त्याबद्दल चाचांना शाबासकी मिळाली की मेमो, यावर गल्लीत अजून दोन पक्ष आहेत. चाचांना विचारलं तर म्हणतात, "दोनी मिळालं."

पण त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट डब्याची. एकदा ते डबा घरी विसरले. त्यांची बायको, म्हणजे जुबेदाचाची, उन्हातून चालत डबा घेऊन गेटवर गेली. चाचांनी डब्याकडं पाहिलं, चाचीकडं पाहिलं आणि म्हणाले, "वस्तू आत घ्यायची तर पास लागतो."

चाचीनं डबा रस्त्याकडेच्या दगडावर ठेवला आणि एक अक्षर न बोलता परत फिरली. जेवणाच्या सुट्टीत चाचा रीतसर बाहेर आले, दगडावर बसून जेवले, रिकामा डबा तिथंच ठेवला आणि रीतसर आत गेले. हे सांगताना त्यांची छाती फुगायची. चाची समोर असली तर खाली मान घालून तांदूळ निवडत राहायची. त्यानंतर ती कधी गेटकडं फिरकली नाही.

चाची जाऊन आता काही वर्षं झाली. एकुलता एक मुलगा सलीम मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. त्याचा दर रविवारी फोन येतो. चाचा निवृत्त झाले, गेट सुटलं, पण सवय कुठं जाणार? त्यांनी गेट मोबाईलवर आणून बसवलं.

काळही त्यांच्या मदतीला धावून आला. पूर्वी ज्या गोष्टीसाठी लोक त्यांना हसायचे, त्याच गोष्टी आता बँका स्वतः फोन करून सांगायला लागल्या. अर्थात बँकेनं असा फोन केला, तरी चाचा बँकेचीही ओळख पटवून घेतात. एटीएममध्ये आकडे दाबताना ते डोक्यावरची टोपी काढून हातावर झाकण घालतात. कुरिअरच्या खोक्यावरचा नाव-पत्त्याचा कागद बंबात घालतात. आधार कार्डाची झेरॉक्स कुणाला द्यायची असली, तर तिच्यावर दोन आडव्या रेघा मारून मधे लिहितात, 'फक्त रेशनसाठी, दुसऱ्या कशासाठी न्हाई', आणि खाली सही. भाजीवालीच्या गाडीवर पैसे भरायचा तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असतो, तो ते आधी नखानं खरवडून बघतात. कुणी त्यावर दुसरा चिकटवला नाही ना म्हणून. खरवडून खरवडून शेवटी तो चौकोन फाटला. भाजीवाली म्हणाली, "चाचा, चोर परवडला. तुमी नगा येऊ."

आणि सही. सहीचं प्रकरण तर त्यांच्या अंगावरच उलटलं. आपली सही फार सोपी आहे, कुणीही मारील, असं एकदा त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी आठवडाभर बसून नवी सही तयार केली. त्यात उर्दूचं वळण होतं, मराठीची शेपटी होती आणि मधे एक गिरकी होती. ती बँकेत रीतसर नोंदवली. पुढच्या महिन्यात पेन्शन काढायला गेले तर ती सही त्यांनाच येईना. गिरकी डावीकडून की उजवीकडून, यावर गाडं अडलं. काउंटरवरची मुलगी आमच्याच गल्लीतली, लहानपणी चाचांच्या अंगणात खेळलेली. ती बिचारी कागदाकडं बघते, चाचांकडं बघते, पुन्हा कागदाकडं बघते.

"चाचा," ती शेवटी म्हणाली, "ओळख आहे हो. पटत नाही."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. चाचा खूश होऊन घरी आले. पैसे मिळाले नव्हते. "पोरगी तयार हाय," मला म्हणाले. "अशी गेटवर पायजे हुती." तो आठवडा त्यांनी आमच्याकडं जेवून काढला आणि रोज जेवताना त्या मुलीचं कौतुक केलं.

आता माझ्या दुकानाकडं वळतो. वळलं नाही तर बरं होईल, पण गोष्ट तिथूनच जाते.

माझं दुकान झेरॉक्सचं. झेरॉक्सच्या धंद्यात बिघडलेले कागद खूप निघतात. काळे पडलेले, तिरके आलेले, अर्धेच उमटलेले. ते मी एका टोपलीत टाकायचो आणि टोपली भरली की समोरच्या भेळवाल्याला द्यायचो. तो त्याच्या पुड्या बांधायचा आणि बदल्यात मला संध्याकाळी एक भेळ फुकट द्यायचा. वर्षानुवर्षं चाललेली साधी व्यवस्था. एका संध्याकाळी चाचा भेळ खात खात दुकानात आले. भेळ संपवली, कागद झटकला, आणि माझ्यापुढं धरला. तिखट चटणीच्या डागाआडून एका अनोळखी माणसाचा फोटो माझ्याकडं बघत होता. खाली त्याचा आधार नंबर, जन्मतारीख, मुक्काम पोस्ट राहाता.

"ह्या मानसाला तुमी ओळखता?"

"नाही."

"मी वळखतो आता," चाचा म्हणाले. "भेळ खाणारा दर मानूस वळखतो."

मी हसलो. आणखी काय करणार? त्यानंतर चाचा रोज भेळ खायला लागले. भेळेसाठी नव्हे, कागदासाठी. त्यांना ॲसिडिटी झाली, पण थांबले नाहीत. रोज एक सुरकुतलेला कागद आणून काउंटरवर ठेवायचे आणि न बोलता निघून जायचे. मी ते सगळे कागद पुन्हा त्याच टोपलीत टाकायचो. ढिला माणूस, दुसरं काय.

सुनंदा उन्हाळ्यात मसाले करून विकते. कांदा-लसूण मसाला, काळा मसाला, नुसती मिरची. मिरची कांडून आणायला तिला दुसऱ्याच्या चक्कीवर ताटकळत बसावं लागतं. स्वतःचं कांडप यंत्र घ्यायचं तिच्या मनात कितीतरी दिवसांपासून होतं. माझ्याकडं मागायचं नाही, स्वतःच्या नावावर कर्ज काढायचं आणि स्वतः फेडायचं, असं तिनं ठरवलं. थंडी सरत आली तेव्हा तिनं बँकेत अर्ज केला. कागदपत्रांच्या झेरॉक्स अर्थातच आमच्याच दुकानात काढल्या. पहिल्या दोन तिरक्या आल्या.

अर्ज नामंजूर झाला. कारण विचारायला आम्ही दोघं गेलो. साहेबांनी संगणकात पाहून सांगितलं, की सुनंदाच्या नावावर आधीच एक कर्ज आहे. मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपवरून घेतलेलं. पत्ता हैदराबादचा, आणि हप्ता एकही भरलेला नाही.

"हैदराबाद?" सुनंदा म्हणाली. "मी दौंडच्या पुढं गाडीत बसलेली नाही."

"नाव, पॅन, आधार, सगळं तुमचंच आहे," साहेब म्हणाले. "हे मिटेपर्यंत आम्हाला काही करता येणार नाही."

आमच्या घरात एक रुपया उधार राहिला तर तिला झोप येत नाही. किराणावाला तिला आपणहून उधार देतो आणि ती घेत नाही. त्या बाईचं नाव कुठल्यातरी संगणकात बुडव्यांच्या रांगेत लागलं होतं. घराच्या पायरीशी ती एवढंच म्हणाली, "ती टोपली कुठंय हो?"

कागद टोपलीतूनच गेला, असं कुणी सिद्ध केलेलं नाही, हे मी इथं नमूद करतो. सिमकार्ड घेताना दिलेली झेरॉक्स असेल, एखाद्या लॉजवर दिलेली असेल. घरी मात्र हा मुद्दा मी फक्त एकदाच मांडला.

संध्याकाळी चाचा आले. त्यांना भिंतीतून बहुधा सगळं ऐकू गेलं होतं. आता ते 'मी सांगत हुतो' म्हणणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्यांनी माझी टोपली उचलली, घरी नेली आणि कागद बंबात घातले. मग परत येऊन सुनंदाला म्हणाले, "बेटा, तुझ्या नावानं कुनीतरी गेटातनं आत गेलंय. त्याला भाईर काडू. वेळ लागंल."

पुढचे दोन-तीन महिने चाचा तरुण झाले. सकाळी इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आधी त्यांनी सुनंदाचं आधार मोबाईलवरून लॉक करायला लावलं, म्हणजे कुणाला तिच्या बोटांचे ठसे चालवता येऊ नयेत. मग तिच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहायला लावलं. एक जास्तीचं निघालं. ते बंद करायची तक्रार टाकली. बँकेचे पासवर्ड बदलले. सुनंदानं नवा पासवर्ड काय ठेवला, ते मी विचारलं. चाचा मला म्हणाले, "तुमी भाईर बसा."

सायबर पोलिसांकडं तक्रार द्यायला आम्ही तिघं नगरला गेलो. तिथला हवालदार कागद पुढं ओढून म्हणाला, "बोला."

"आदी तुमचं ओळखपत्र," चाचा म्हणाले.

"काका, हे पोलीस ठाणं आहे. मी खुर्चीवर बसलोय. अंगावर वर्दी आहे."

"वर्दी शिंप्याकडं बी मिळती."

मी डोळे मिटले. हवालदार मात्र भला निघाला. त्यानं खिशातून कार्ड काढून दाखवलं. चाचांनी कार्ड बघितलं, चेहरा बघितला, पुन्हा कार्ड बघितलं आणि म्हणाले, "जाऊ द्या आत." मग त्यांच्या लक्षात आलं, की आत आपणच बसलोय.

तक्रारीची पोच घेऊन कर्ज देणाऱ्या कंपनीला लिहिलं, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला लिहिलं. कंपनीनं त्यांच्याकडचे कागद पाठवले. त्यात सुनंदाच्या नावाखाली एका भलत्याच बाईचा सेल्फी होता. सुनंदाला कर्जापेक्षा त्या फोटोचा राग जास्त आला. "भुवया कशा कोरल्यात बघा," ती म्हणाली. "आणि ही म्हणे मी." चाचांनी फोटो उजेडात नेला, सुनंदाला उभं केलं, फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि गंभीरपणे निकाल दिला: "ही तू न्हाईस." ते पहिल्या नजरेत आम्हा सगळ्यांना, दूधवाल्यालासुद्धा, कळलं होतं. पण चाचांच्या तोंडून ऐकल्यावर सुनंदाला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

खरा छळ वसुलीवाल्यांचा होता. दिवसातून कितीदा तरी सुनंदाला फोन यायचे. पैसे भरा, नाहीतर नातेवाइकांना सांगू, गल्लीत येऊ. चाचा म्हणाले, "त्यांना माझा नंबर दे. म्हनावं, आमची कागदपत्रं ह्यांच्याकडं हायत." तेवढं एकच वाक्य ती फोनवर बोलली. दुसऱ्या दिवसापासून वसुलीवाले चाचांच्या गेटवर उभे राहिले.

एकदा मी समोरच होतो. चाचांनी फोन उचलला, पाच मिनिटं गप्प राहिले, आणि मग सुरू झाले.

"तुमचं नाव?... आडनाव?... हुद्दा?... ओळखपत्राचा फोटो पाठवा. चेहरा सरळ पायजे... साहेब कोन तुमचे? त्यांचा बी पाठवा... न्हाई न्हाई, रागावू नका. ओळख झाली आपली. पटली न्हाई अजून."

पहिला वसुलीवाला दोन दिवस टिकला. दुसऱ्याची बदली झाली असावी. तिसरा एक कोवळ्या आवाजाचा मुलगा होता. तो फोन लागल्याबरोबर म्हणायचा, "चाचा, साहेबांनी लावायला सांगितलाय म्हणून लावला. परत सगळं पहिल्यापासून विचारणार का?" चाचा पहिल्यापासून विचारायचे. कंटाळून त्यानं एकदा कार्डाचा फोटो खरंच पाठवला. पुढंपुढं चाचा त्याला जेवलास का, हेही विचारायला लागले. मला वाटतं, त्या पोरानंच आमची तक्रार आत योग्य टेबलापर्यंत नेली.

त्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. एका रविवारी दुपारी वसुलीचा फोन आला. चाचांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "आज न्हाई, लाईन मोकळी ठेव," एवढं म्हणून फोन ठेवून दिला. चौकशी न करता कुणाला सोडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी कंपनीचं पत्र आलं. कर्ज या बाईंचं नाही, त्रासाबद्दल दिलगीर आहोत, नोंद काढून टाकत आहोत. सुनंदानं ते देवापाशी ठेवलं, मग उचलून कपाटात ठेवलं, मग पुन्हा काढून वाचलं. बँकेनं दुसऱ्यांदा अर्ज घेतला. तोवर मिरचीचा निम्मा हंगाम संपला होता. तरी यंत्र आलं. पहिल्या दिवशी सगळी गल्ली शिंकत होती, आणि सुनंदा पदर नाकाला लावून त्या धुरळ्यात उभी होती. तिला इतकं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पहिल्या मसाल्याचा डबा चाचांना द्यायचा होता. तो घेऊन मी गेलो. रविवार होता. चाचा लसूण सोलत बसले होते. हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. मला त्यांनी हातानं बस म्हणून खुणावलं. पलीकडं सलीम होता.

सलीमची रविवारची परीक्षा हा आमच्या गल्लीतला जुना विनोद. सख्खा मुलगा, ठरलेला दिवस, ठरलेला नंबर, तरी चाचा एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढं बोलत नाहीत. दरवेळी प्रश्न नवा. हल्ली आवाजाची सुद्धा नक्कल होते, असं त्यांनी कुठं ऐकलं होतं, तेव्हापासून सुरू झालं. बापलेक बोलतात त्यांच्या घरच्या बोलीत. मी मराठीत सांगतो.

"आजचा सवाल," चाचा म्हणाले. "तू शाळेतनं यायचास. अम्मी दारात उभी असायची. तुमी दोघं कायतरी करायचा आन हसायचा. मी ड्यूटीवरनं आलो की गप बसायचा. ते काय हुतं?"

पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला.

"आठवत नाही, अब्बा."

"आठव."

"लहान होतो हो मी. दुसरं काहीतरी विचारा."

"आजचा सवाल हाच हाय. आठवलं की सांग. पुडच्या रविवारी सांग."

आणि मग ते बाकीचं बोलत बसले. तिकडचा उकाडा, पगार, सलीमच्या बायकोची पाठदुखी, इकडं सुनंदाचं यंत्र आलं ते. ओळख पटलेली नसताना चाचांनी माणसाला इतका वेळ गेटाच्या आत बसवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. फोन संपला तेव्हा मला राहवलं नाही.

"चाचा, उत्तर तर आलंच नाही. ओळख पटली कशी?"

"न्हाईच पटली."

"मग? बरोबर उत्तर काय होतं?"

चाचांनी लसणीची पाकळी नखानं फोडली. टरफल फुंकरीनं उडवलं.

"मला काय ठाव?" ते म्हणाले. "मी गेटवर असायचो."

मी उगाचच मसाल्याच्या डब्याचं झाकण घट्ट केलं.

"दर रविवारी असंच इचारतो," ते खालीच बघत म्हणाले. "मला ठाव नसलेलं. त्याची अम्मी डब्यात काय द्यायची, ताप आला की काय करायची, माझ्यावर चिडली की काय म्हनायची. त्याला आठवलं तर तो सांगतो. खरं का खोटं, ते मी कुठं तपासनार? मी नुसतं आत सोडतो." मग एकदम डबा पुढं ओढून त्यांनी वास घेतला. "तिखट झालाय. बेटाला म्हनावं, झकास."

घरी येऊन मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती चहा गाळत होती. माझ्या हातात कप देऊन ती माझ्याकडं बघत राहिली. मी एक घोट घेतला आणि आपणहून म्हणालो, "गवती चहा."

"आज आलं आहे," ती म्हणाली.

मग ती ओट्याला टेकून उभी राहिली. चाचांच्या बाजूच्या भिंतीकडं बघत होती.

"मी नवीन लग्न होऊन आले होते तेव्हा," ती म्हणाली. "दुपारी मी आणि चाची दोघी दारात बसायचो. सलीम शाळेतून आला की चाची उठून चौकटीत हात आडवा धरायची, आवाज जाड करून म्हणायची, 'ओळख हाय, पटली न्हाई. पास दाखव.' तो खिशातून चिंचेचा पाला काढून द्यायचा. ती पाला बघायची, त्याचं तोंड बघायची, पुन्हा पाला बघायची. मग दोघं इतकी हसायची, की मलाही हसू आवरायचं नाही."

मी कप ठेवला आणि चपला शोधायला लागलो. "चाचांना सांगून येतो."

"बसा खाली," ती म्हणाली. "मला एवढं आठवतं, ते काय सलीमला आठवत नसेल? अब्बांचीच नक्कल ती, त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगत नसेल. सांगेल कधीतरी. तोवर तुम्ही तोंड उघडायचं नाही. दर रविवारी ते विचारू देत आणि त्याचं सांगायचं राहू दे."